विद्यार्थ्याला आधार देणे कोणाचे काम?

नांदेड, परभणी, लातूर, यवतमाळकडच्या मुलांना उच्च शिक्षणासाठी पुणे-मुंबईइतकेच हैदराबादही जवळचे आहे. नांदेडहून देवगिरी एक्स्प्रेसमध्ये बसले की काही तासांत सिकंदराबाद येते. 1918 मध्ये स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठ, 1974 मध्ये सुरू झालेले आणि आता गच्चीबावलीत असलेले केंद्रीय हैदराबाद विद्यापीठ, इंग्रजी व परकीय भाषांचे ‘इफ्लू’, संगारेड्डीजवळ कंदी येथे असलेली आयआयटी आणि शेकडो खासगी महाविद्यालये यांमुळे हे शहर विद्यार्थ्यांचे आहे. तेलंगण आणि आंध्रच्या खेड्यांतून, ओडिशा, केरळ, काश्मीर, ईशान्य भारत आणि आपल्या मराठवाडा-विदर्भातून मुले इथे येतात. त्यांतली बरीचशी आपल्या घरातली विद्यापीठात पोचलेली पहिलीच पिढी असते.

ही मुले हुशार असतात, म्हणूनच इथवर पोचतात. पण पहिल्या सत्रातच अनेकांची गाडी अडते. शिकवणे इंग्रजीत, आजूबाजूला तेलुगू, मेसचे जेवण अनोळखी. गावात पहिला येणारा मुलगा वर्गात मागे पडतो आणि ही गोष्ट घरी सांगता येत नाही, कारण घरचे त्याच्या यशाच्या बातम्या नातेवाइकांना देत असतात. शिष्यवृत्ती वेळेवर येत नाही, मेसचे बिल थकते. अशा वेळी बहुतेक विद्यार्थी कुढत राहतात, काही अभ्यास सोडतात, काही आजारी पडतात. काहींच्या मनात जगणे नकोसे होण्याचे विचार येतात.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार 2022 या एका वर्षात देशात 13,044 विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. त्यांत सर्वाधिक, म्हणजे 1,764 विद्यार्थी महाराष्ट्रातले होते. हा आकडा पुढ्यात ठेवून मराठी घरांनी हा विषय दुसऱ्या कोणाचा आहे असे समजू नये. आणि हैदराबादकडे पाहावे, कारण या शहरातल्या विद्यापीठांनी गेल्या दोन दशकांत जे सोसले, त्यातून विद्यार्थ्याला आधार देणे म्हणजे काय, याचे बरेच धडे मिळतात.

मन एकटे खचत नाही

आत्महत्येला कधीच एक कारण नसते. आजार, स्वभाव, घरची परिस्थिती, नात्यांतले ताण, पैसा, अपमान, एकटेपणा अशा अनेक गोष्टी एकत्र येतात. त्यातच हे वयही नाजूक असते. मानसिक आजारांपैकी सुमारे निम्म्यांची सुरुवात वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत आणि तीन चतुर्थांशांची चोविसाव्या वर्षापर्यंत होते, असे संशोधन सांगते. म्हणजे नैराश्य किंवा चिंतेचा आजार पहिल्यांदा डोके वर काढतो, त्या वयात मूल बहुधा वसतिगृहात असते, घरापासून दूर.

पण सगळे ओझे मनाच्या आजारावर टाकणेही चूक आहे. 2008 मध्ये हैदराबाद विद्यापीठात भौतिकशास्त्राचा एक संशोधक विद्यार्थी गेला. तो तमिळनाडूतल्या अत्यंत वंचित समाजातून आलेला होता. त्यानंतर प्रा. विनोद पावराला यांच्या अध्यक्षतेखाली विद्यापीठाने एक समिती नेमली. मार्गदर्शक नेमण्याच्या आणि अभ्यासक्रमाच्या नियमांत एकसूत्रता नाही आणि त्याची झळ दलित-आदिवासी विद्यार्थ्यांना अधिक बसते आहे, अशा आशयाचे निष्कर्ष या समितीने काढले. पीएचडीला प्रवेश मिळूनही गाईड न मिळणे ही बाहेरच्याला कागदोपत्री अडचण वाटेल. संशोधक विद्यार्थ्याचे मात्र त्यामुळे सगळेच थांबते. विषय ठरत नाही, काम सुरू होत नाही, मुदत सरत जाते आणि ‘काय चाललंय तुझं?’ या घरच्या प्रश्नाला उत्तर राहत नाही.

2013 मध्ये हैदराबादमधल्या विद्यापीठांत पुन्हा विद्यार्थ्यांचे मृत्यू झाले, तेव्हा आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली. तीन वर्षांनी, 17 जानेवारी 2016 रोजी, हैदराबाद विद्यापीठातला संशोधक विद्यार्थी रोहित वेमुला याचा मृत्यू झाला आणि देशभर खळबळ उडाली. त्याला आणि त्याच्या चार सहकाऱ्यांना वसतिगृहातून काढले होते, ते परिसरात उघड्यावर तंबू ठोकून राहत होते, आणि कित्येक महिने त्याची फेलोशिप हातात पडलेली नव्हती. या प्रकरणावरचे राजकीय आणि कायदेशीर वाद अजून मिटलेले नाहीत. पण राहायची खोली, दरमहाचे पैसे आणि विद्यापीठातली वावरण्याची मुभा या तिन्ही गोष्टी एखाद्या विद्यार्थ्याच्या हातून एकाच वेळी सुटल्या, तर तो किती एकटा पडतो हे समजायला कोणत्याही पक्षाचे असावे लागत नाही.

2020 मध्ये हैदराबादजवळच्या शादनगरची, दिल्लीत शिकणारी एक विद्यार्थिनी गेली. टाळेबंदीत ऑनलाइन वर्ग, लॅपटॉपला पैसे नाहीत, मंजूर शिष्यवृत्ती हाती आलेली नाही, अशी तिची अवस्था होती. अशा विद्यार्थिनीला समुपदेशनाची गरज असेलही, पण त्याआधी तिला तिचे हक्काचे पैसे हवे होते.

म्हणून विद्यार्थ्याला आधार देणे हे एकट्या समुपदेशकाचे काम नाही. गाईड, शिष्यवृत्तीच्या खिडकीमागचे कर्मचारी, वॉर्डन, शिक्षक, खोलीतला जोडीदार आणि घरचे लोक या प्रत्येकाच्या वाट्याला त्यातले एक ठरावीक काम येते. ते वेळेवर झाले, तर समुपदेशकापर्यंत पोचणारे निम्मे दुःख वाटेतच हलके होते.

खिडकीपलीकडचे काम

फेलोशिपची फाइल आठ दिवसांत पुढे सरकवणे ही आत्महत्या प्रतिबंधाची कृती आहे, असे म्हटले तर कोणाला अतिशयोक्ती वाटेल. मला तसे वाटत नाही. पैसे उशिरा येणार असतील, तर मेसचे बिल थांबवता येते. परीक्षेचा अर्ज थकबाकीसाठी अडवायचा की नाही, हे संस्थेच्या हातात असते. विद्यार्थी विचारायला आला, तर ‘नंतर या’ऐवजी ‘अमुक तारखेला या, तोवर फाइल या टेबलावर आहे’ असे सांगता येते. ताण सर्वांत जास्त वाढतो तो आपले काय होणार हे न कळल्यामुळे. नक्की तारीख मिळाली की माणूस तोवर तग धरू शकतो.

निकालाचेही तसेच. एप्रिल 2019 मध्ये तेलंगणात इंटरमीजिएटचे निकाल लागले. त्यांत चुका होत्या. एका मुलीला तेलुगूच्या विषयात 99 गुणांऐवजी शून्य दाखवले गेले. नापास ठरलेल्यांची संख्या तीन लाखांहून अधिक होती. निकालानंतरच्या दिवसांत वीसहून अधिक मुलांनी जीव दिला. मग सरकारने सर्व अनुत्तीर्णांच्या उत्तरपत्रिकांची विनामूल्य फेरतपासणी करवली आणि हजाराहून अधिक विद्यार्थी उत्तीर्ण ठरले. ही मुले वयाने विद्यापीठाच्या उंबरठ्यावरची. त्या प्रसंगावरून निकाल लावणाऱ्या प्रत्येक संस्थेने एवढे शिकावे की गुणपत्रिकेबरोबरच पुढचा रस्ता सांगणारा कागद दिला पाहिजे. फेरतपासणी कशी, पुरवणी परीक्षा कधी, कोणाला भेटायचे, कोणत्या क्रमांकावर बोलायचे, हे त्याच पानावर असले पाहिजे.

संस्थेने ठरवले तर विद्यार्थ्याचे वर्ष कसे वाचते, याचे एक उदाहरण हैदराबाद संस्थानाच्याच इतिहासात आहे. 1938 च्या अखेरीस उस्मानिया विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी वसतिगृहात ‘वंदे मातरम्’ म्हणण्याचा आग्रह धरला आणि त्यापायी शेकडो जणांना विद्यापीठातून काढले गेले. त्यांत तेलुगू मुले होती, तशी मराठवाड्यातली मराठी मुलेही होती. शिक्षण मध्येच तुटण्याची वेळ आली, तेव्हा नागपूर विद्यापीठाने त्यांना प्रवेश दिला. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्या नागपूरला गेलेल्या विद्यार्थ्यांपैकी एक. काळ वेगळा, संकट वेगळे, पण आधाराचे रूप नेमके होते. त्या मुलांना शिकण्यासाठी जागा हवी होती, आणि ती मिळाली.

मित्राने आणि शिक्षकाने काय करावे

खचलेला विद्यार्थी सहसा समुपदेशकाकडे आपण होऊन जात नाही. त्याचा बदल आधी दिसतो तो जोडीदाराला, मेसमधल्या ताईंना, प्रयोगशाळेतल्या सहायकाला, वर्गशिक्षकाला. पाहण्यासारखी लक्षणे अशी: झोप फार कमी किंवा फार जास्त होणे, जेवण टाळणे, आंघोळ-कपड्यांकडे दुर्लक्ष, वर्गाला सलग दांड्या, मित्रांच्या गटातून हळूहळू बाहेर पडणे, चिडचिड, नशा वाढणे, आवडत्या गोष्टींतला रस जाणे. हे दोन आठवड्यांहून जास्त टिकले, तर तो ‘मूड’ नाही, मदतीची वेळ आहे. आणखी काही खुणा तातडीच्या असतात. ‘माझ्यामुळे सगळ्यांना त्रास’, ‘आता काही उपयोग नाही’ असे वारंवार बोलणे, आवडीच्या वस्तू वाटून टाकणे, निरोप घेतल्यासारखे वागणे, किंवा खूप अस्वस्थतेनंतर एकाएकी कमालीचे शांत होणे.

अशा वेळी काय बोलावे, हे कळत नाही म्हणून पुष्कळ जण गप्प राहतात. सुरुवात साधी असावी: ‘आठ दिवस तू जेवायला दिसला नाहीस. काय झालंय?’ मग थांबावे. त्याला बोलू द्यावे. मध्येच उपाय सुचवू नये. ‘हे सगळ्यांनाच होतं’, ‘आमच्या वेळी तर याहून वाईट होतं’, ‘आईबाबांचा विचार कर’ ही वाक्ये सांगणाऱ्याला धीर देणारी वाटतात, पण ऐकणाऱ्याच्या मनात अपराधाची भावना वाढवतात. त्याऐवजी ‘तुला हे फार जड जातंय, दिसतंय मला. आपण मिळून बघू’ एवढे पुरते.

आणि शंका आली, तर सरळ विचारावे: ‘तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतात का?’ हे विचारल्याने नसलेला विचार डोक्यात येईल, अशी भीती सर्वत्र आहे. ती खरी नाही. थेट विचारल्याने धोका वाढत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. उलट, कोणीतरी हा शब्द उच्चारला म्हणून कित्येकांना पहिल्यांदा मोकळे बोलता येते. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ पॉल क्विनेट यांनी सामान्य माणसांसाठी एक पद्धत तयार केली. तिचे टप्पे तीनच: विचारा, मदत घ्यायला राजी करा, योग्य ठिकाणी पोचवा. डॉक्टर नसलेल्या कोणालाही हे काही तासांत शिकवता येते. वसतिगृहाचे पहारेकरी आणि सफाई कर्मचारी यांना तर ते आधी शिकवावे, कारण रात्री दोन वाजता परिसरात जागी असणारी माणसे तीच असतात.

उत्तर ‘हो’ आले आणि त्यामागे काही ठरवलेले दिसले, तर त्याला एकटे सोडू नये. ज्याने इजा होऊ शकते अशा वस्तू खोलीतून दूर कराव्यात आणि लगेच वॉर्डन, डॉक्टर, घरचे यांना कळवावे. गुप्ततेचे वचन देऊ नये. ‘ही गोष्ट मी एकट्याजवळ ठेवणार नाही, कारण मला तू हवा आहेस’ असे स्पष्ट सांगावे. रुग्णवाहिकेसाठी 108, इतर आणीबाणीत 112. हैदराबादमध्ये एर्रागड्डा येथे सरकारी मानसिक आरोग्य संस्था आहे, शिवाय गांधी आणि उस्मानिया ही मोठी सरकारी रुग्णालये आहेत.

शिक्षकाच्या बाबतीत एक गोष्ट वेगळी आहे: त्याच्या हातात गुण असतात. म्हणून विद्यार्थी त्याला घाबरतो. सबमिशनची मुदत आठवडाभर वाढवणे, चुकलेली चाचणी पुन्हा घेणे, समुपदेशकाकडे स्वतः सोबत जाणे या गोष्टी शिक्षकाला शक्य आहेत आणि विद्यार्थ्याला त्या आयुष्यभर लक्षात राहतात. उपचार मात्र त्याने करू नयेत. त्याने ओळखावे आणि पोचवावे.

आपल्या भाषेत सांगता यावे

दुःख परक्या भाषेत सांगता सांगता निम्मे निसटते. हैदराबादच्या महाविद्यालयातले समुपदेशक बहुधा इंग्रजी, तेलुगू किंवा हिंदीत बोलतात. मराठी मुलाने तिथे जावेच. पण पहिले बोलणे मराठीत करायचे असेल, तर केंद्र सरकारची टेलिमानस ही दूरध्वनी सेवा आहे. 10 ऑक्टोबर 2022 रोजी, जागतिक मानसिक आरोग्य दिनी ती सुरू झाली. क्रमांक 14416. ती चोवीस तास चालते, विनामूल्य आहे, आणि फोन करणाऱ्याला मराठीसह अनेक भारतीय भाषांतून आपली भाषा निवडता येते. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेची ‘आयकॉल’ ही सेवा 2012 पासून प्रशिक्षित समुपदेशकांमार्फत चालते. सिकंदराबादमध्ये ‘रोशनी’ ही स्वयंसेवी संस्थाही ऐकून घेण्याचे काम वर्षानुवर्षे करते आहे.

संस्थेच्या आतही विद्यार्थ्यांची अशी साखळी उभी करता येते. आयआयटी हैदराबादमध्ये ‘सनशाइन’ नावाचा विभाग आहे. त्यात समुपदेशकांबरोबर प्राध्यापक असतात आणि वरच्या वर्गातले विद्यार्थी नव्या मुलांचे सोबती म्हणून काम करतात. हॉस्टेलची वाट, प्रयोगशाळेचे नियम, बॅकलॉग लागला तर काय होते, हे आपल्यापेक्षा दोन वर्षांनी मोठ्या मुलाकडून कळले की नवख्याची धास्ती कमी होते. या सोबत्यांच्याही खांद्यावर फार ओझे टाकू नये. एखाद्याने जीव द्यायचे विचार सांगितले, तर ते पेलणे विद्यार्थ्याचे काम नाही. ताबडतोब पुढे पोचवणे हे त्याचे काम.

कायदा काय सांगतो

समुपदेशकाकडे गेलो तर विभागाला कळेल, पोलिसांत प्रकरण जाईल, नोकरीत अडचण येईल, या भीतीने अनेक जण मागे राहतात. म्हणून कायदा माहीत असावा. 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतो. जीवाला धोका असेल अशा मोजक्या परिस्थितीतच माहिती इतरांना देता येते. याच कायद्याचे कलम 115 म्हणते की आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरावे, आणि तिची काळजी, उपचार, पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा देणारे जुने 309 कलम उरलेले नाही. वाचलेल्या विद्यार्थ्याला गुन्हेगारासारखे वागवण्याला आता कायद्याचा आधार नाही.

2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन महत्त्वाचे निर्णय दिले. 24 मार्च रोजी उच्च शिक्षणसंस्थांतल्या आत्महत्यांचा अभ्यास करण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती एस. रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय कृतिदल नेमले. 25 जुलै रोजी, विशाखापट्टणममध्ये ‘नीट’ची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात, सर्व शिक्षणसंस्थांसाठी पंधरा मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असतील तर किमान एक पात्र समुपदेशक, गुणांवरून तुकड्या पाडून मुलांना हिणवण्यास मनाई, शिक्षक-कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण, वसतिगृहांत आणि वर्गांत मदत क्रमांक ठळकपणे लावणे, अशा त्या सूचना आहेत. स्वतंत्र कायदा होईपर्यंत त्या बंधनकारक आहेत. आपल्या महाविद्यालयात त्या पाळल्या जातात का, हे विचारण्याचा अधिकार प्रत्येक पालकाला आणि विद्यार्थ्याला आहे.

घरच्यांनी

नरहर कुरुंदकर मराठवाड्यातल्या कुरुंद्याहून हैदराबादला शिकायला गेले होते. त्यांचे मामा डॉ. नारायणराव नांदापूरकर उस्मानिया विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक होते. कुरुंदकर इंटरच्या परीक्षेत नापास झाले. पदवी खूप उशिरा हाती आली. पण त्यांचे वाचन आणि चर्चा कधी थांबली नाही. पुढे ते नांदेडच्या पीपल्स कॉलेजात प्राध्यापक, मग प्राचार्य झाले, आणि मराठी विचारविश्वात त्यांची जागा आजही पक्की आहे. प्रत्येक नापास मुलगा कुरुंदकर होईल असे नाही, आणि तसे सांगूही नये, कारण तीही एक अपेक्षाच होते. पालकांनी त्यातून घ्यायचे ते इतकेच: परीक्षेतल्या अपयशाने माणसाची बौद्धिक वाट बंद होत नाही, आणि ज्या घरात अपयशानंतरही मुलाशी पुस्तकांवर, जगावर, त्याच्या आवडीवर बोलणे चालू राहते, तिथे ते मूल पुन्हा उभे राहू शकते.

फोनवर रोज ‘अभ्यास कसा चाललाय?’ विचारण्याऐवजी ‘आज कोणाबरोबर जेवलास?’ विचारावे. त्या उत्तरातून मुलाला माणसे मिळाली आहेत की नाहीत, ते कळते. ‘नाही जमलं तर परत ये, घर आहे’ हे वाक्य निकाल लागण्याआधी सांगून ठेवावे. नंतर सांगितले की ते सांत्वन होते, आधी सांगितले की तो भरवसा असतो. उपचार सुरू झाले, तर गोळ्या मध्येच बंद करायला लावू नयेत, आणि वर्षभराची गॅप घ्यावी लागली तर ती लपवू नये.

आणि प्रवेशाच्या दिवशी, फी भरण्यापूर्वी, महाविद्यालयाला चार प्रश्न विचारावेत. समुपदेशक कोण आहेत आणि ते किती वाजेपर्यंत भेटतात? शिष्यवृत्तीला उशीर झाला तर मेस आणि परीक्षा चालू राहतात का? गाईड किंवा शिक्षकाविरुद्ध तक्रार करायची असेल, तर ती त्याच विभागाबाहेर कोण ऐकतो? रात्री वसतिगृहात कोणाची तब्येत बिघडली तर कोण धावून येतो? वसतिगृहाची इमारत आणि प्लेसमेंटचे आकडे यांच्याविषयी आपण बारीक चौकशी करतो, तितकीच ही करावी. पालक हे प्रश्न दरवर्षी विचारू लागले, तर संस्थांना उत्तरे तयार ठेवावी लागतील, आणि उत्तरे तयार ठेवायची तर आधी त्या व्यवस्था उभ्या कराव्या लागतील.